शून्य नंबरची खाट

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी कोण येऊन बसेल याचा नेम नसतो, पण तो काय विचारणार हे मला पाठ झालंय. हातातली पुरी रश्श्यात बुडवत तो म्हणतो, "सिस्टर, जन्मभर रक्त, उलट्या, जखमा बघितल्या तुमी. किळस न्हाई आली का कधी?" मी सांगते, "तुमी आधी पोटभर जेवून घ्या, मग सविस्तर सांगते." सविस्तर ऐकायला अजून तरी कुणी थांबलेलं नाही.

या अंकाच्या संपादकांनी मात्र सविस्तरच मागितलं. "नर्सबाईंचा थकवा आणि नर्सबाईंचं समाधान, दोन्ही येऊ द्या," म्हणाले. एका वाटीत वरण आणि दुसऱ्या वाटीत खीर, असं मागावं तसं. आमच्या ताटात दोन्ही कालवूनच यायचं, त्यामुळं वेगळं काढून वाढणं मला जमायचं नाही. त्यापेक्षा एका खाटेची गोष्ट सांगते. ही खाट आमच्या वॉर्डात कुठंच नव्हती, पण आम्ही सगळ्याजणी तिच्यावर आळीपाळीनं पडून आलोय.

मी बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डची इन्चार्ज होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण सांगितलं की लगेच कुणीतरी म्हणणार, "अहो, माझी मेहुणी तिथंच होती, तिला गादी दिली न्हाई." गाद्या कमी होत्या हे खरं आहे. माणसं कधीच कमी नव्हती. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर गेल्या की वॉर्ड जरा मोकळा व्हायचा, आणि टोळ्या परतल्या की दोन खाटांच्या मधल्या फरशीवरसुद्धा पेशंट असायचे. पाणी आटलेल्या, काटक हातांच्या त्या बायकांच्या शिरा सापडणं म्हणजे दिव्य. दोनदा सुई चुकली की सोबतची सासू म्हणायची, "नवीन हायेत का वो तुमी?" तेव्हा माझे केस निम्मे पांढरे झालेले होते.

नातेवाईक हा आमच्या धंद्यातला निम्मा आजार. एकदा तलवाड्याकडच्या एक सरपंचबाई पोटदुखीसाठी भरती झाल्या. सोबत नवरा, कडक इस्त्रीतला. मी बाईंना विचारलं, "पोट दुखतंय का?" नवरा म्हणाला, "दुखतंय." मी म्हटलं, "कुठं दुखतंय?" त्यानं स्वतःचा सदरा वर करून स्वतःच्या पोटावर बोट ठेवलं, "हितं." मी म्हटलं, "जेवणाआधी का नंतर?" तो विचारात पडला. म्हणाला, "आदी बी अन् नंतर बी." शेवटी मी मोठी सुई काढली आणि त्याचाच हात धरला, तेव्हा कुठं तो म्हणाला, "पेशंट ती हाय." बाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की दुखणं कुठं आहे ते हसतानाच कळलं. पित्ताशयात खडे निघाले.

आता आमच्या कामातली एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगायलाच हवी. ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला वॉर्ड सोपवते. त्याला आम्ही "ओव्हर देणं" म्हणतो. एक नंबरच्या खाटेपासून सुरुवात करायची आणि शेवटच्या खाटेपर्यंत चालत जायचं. प्रत्येक खाटेपाशी थांबून हळू आवाजात सांगायचं: हिला काय झालंय, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, तोंडानं काही घेते का, झोप लागली का, हिच्यावर लक्ष ठेव. लिहिलेलं सगळं असतंच. पण "हिची थोरली जाऊ आल्यापासून हिचा बीपी चढतोय" हे कुठल्या कागदावर बसत नाही, ते ओव्हरमध्येच सांगावं लागतं. ओव्हर दिली की तुम्ही मोकळ्या. निदान असं म्हणायची पद्धत आहे.

माझ्या वॉर्डात वनमाला नावाची सिस्टर होती. चाळिशीतली, ठेंगणी, पायात कायम निळे सँडल. जिथं आम्ही सगळ्या हरायचो तिथं तिला शीर सापडायची. हाताच्या पाठीवरून नुसतं बोट फिरवायची, बाईला विचारायची, "माहेर कुठलं गं तुझं?" आणि बाई माहेर सांगेपर्यंत सुई आत. घाटनांदूरहून रोज एसटीनं ये-जा करायची. घरी अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळलेली सासू, शेती बघणारा नवरा, शिकणारी दोन पोरं. आणि सगळ्या गल्लीला ठाऊक, की घरात नर्स आहे. हिनं चप्पल काढायच्या आत दारात कुणीतरी बाही वर करून उभं: "सिस्टर, जरा बीपी बघता का?" कुणी रात्रीची सलाईनची बाटलीच घेऊन यायचं. दवाखान्यातून सुटून ती रोज दुसऱ्या दवाखान्यात जायची, आणि तिथं ओव्हर घ्यायला कुणी नव्हतं.

एका दुपारी तिनं मला ओव्हर दिली. शेवटच्या खाटेपर्यंत चोख, एक शब्द इकडचा तिकडं नाही. एप्रन घडी करून पिशवीत ठेवला आणि गेली. दिवस कलायला लागल्यावर मला बशीरचाचांचा फोन आला. बशीरचाचांचा फळांचा गाडा आमच्या स्टँडच्या तोंडाशी. निम्म्या दवाखान्याची केळी त्यांच्याकडून यायची, म्हणून नंबर होता.

"मॅडम," ते म्हणाले, "तुमच्या त्या निळ्या चपलावाल्या सिस्टर दुपारधरनं बाकड्यावर बसल्यात. घाटनांदूरच्या गाड्या आल्या अन् गेल्या, उठना गेल्यात. मी केळं दिलं, ते बी हातातच हाय."

मी रिक्षानं गेले. वनमाला खरंच केळं हातात धरून बसली होती. रडत नव्हती, ताप नव्हता, नाडी बघितली तर नाडीही बरी. मी विचारलं, "काय झालं गं?"

"काही न्हाई मॅडम. कोणत्या गाडीत बसायचं ते आठवंना."

आम्ही दोघी हसलो. मग ती म्हणाली, "मी नोकरी सोडते. महिन्याच्या शेवटी लिहून देते." आणि मग मला हसू येईना. मी लई घाबरले. माणूस मोडतो तेव्हा आवाज होतो असं मला वाटायचं. ही तर चोख ओव्हर देऊन येऊन मोडली होती.

वनमालानं नोकरी सोडली असती तर काय झालं असतं, ते मला स्वच्छ दिसत होतं. पगार गेला असता हा एक भाग. पण दिवसातले जे सहा-आठ तास ती स्वतःच्या हुशारीवर उभी असायची, तेच गेले असते. उरलं असतं सासूचं अंथरूण आणि दारातल्या वर केलेल्या बाह्या. काम तिला नकोसं नव्हतं झालेलं. ती थकली होती, आणि थकलेल्या माणसाला जे सोडता येत नाही ते राहतं आणि जे सोडता येतं तेच पहिल्यांदा सोडावंसं वाटतं. मी म्हटलं, "महिना संपेस्तोवर काही लिहून देऊ नको. मला वचन दे." तिनं केळं सोलून खाल्लं, त्यालाच मी वचन समजले.

वरच्या मंडळींनाही नर्सेसच्या थकव्याची काळजी नव्हती असं नाही. त्याच महिन्यात आमच्यासाठी तणावमुक्तीचं शिबिर ठेवलं. बाहेरून एक सर आले, पांढरा झब्बा, खिशाला माईक. आधी आम्हाला टाळ्या वाजवायला लावल्या, मग मोठ्यानं हसायला लावलं. मग म्हणाले, "डोळे मिटा. तुम्ही एका शांत नदीच्या काठावर आहात." थोड्या वेळानं म्हणाले, "आता हळूहळू डोळे उघडा." निम्म्याजणींनी उघडलेच नाहीत. आमच्या लेबर रूमची सिस्टर तर घोरत होती. सर खूश झाले, म्हणाले, "बघा, किती खोल ध्यान लागलं." वनमालानं हात वर केला, "सर, हा वर्ग रोज दुपारी ठेवता येईल का? उशा आमच्या आमी आणू." सर जाताना "हसत राहा" असा भला मोठा फलक देऊन गेले. ड्यूटी रूमच्या खिडकीची काच फुटलेली होती, तिथं तो मापात बसला.

शिबिरातून परत येताना माझ्या एक लक्षात आलं. वनमालाला "कशी आहेस?" विचारलं की ती "बरी हाय" म्हणायची. आम्ही सगळ्याच तसं म्हणायचो. स्वतःबद्दल काय बोलावं हे आम्हाला येतच नव्हतं. पण पेशंटबद्दल विचारा, झोपेतून उठून सांगू. म्हणून दुसऱ्या दिवशी वनमालानं शेवटच्या खाटेची ओव्हर दिली आणि ती एप्रनची गाठ सोडायला लागली, तेव्हा मी तिला थांबवलं.

"एक खाट राहिली."

"कोणती?"

"शून्य नंबर. तिच्यावर वनमाला सिस्टर आहेत. दे ओव्हर."

तिनं एप्रनची सुटत आलेली गाठ परत बांधली. मग भिंतीकडं तोंड करून, पेशंटबद्दल सांगतात त्याच हळू आवाजात बोलायला लागली. "शून्य नंबर. चाळिशीतली बाई. झोप तुटक. सकाळपासून तोंडानं नुसता चहा. सासूच्या पाठीला जखम व्हायला लागलीय, पेशंटला वाटतंय आपण नर्स असून घरात हे झालं. चिडचिड हाय. कालपासून डोळ्यात पाणी येतंय, पण वाहत न्हाई." आणि शेवटी म्हणाली, "लक्ष ठेवा."

मी म्हटलं, "घेतली ओव्हर." उपदेश करायचा नाही हे मी मनाशी ठरवलं होतं, आणि माझ्यासारख्या तोंडाळ बाईला ते सोपं गेलं नाही. मावशींना सांगून चहाबरोबर दोन बटर मागवले आणि ती खाईपर्यंत तिला सोडलं नाही.

मग ही रीतच पडली. शेवटच्या खाटेनंतर शून्य नंबर. बाकीच्या सिस्टरांनीही उचललं. त्यात गंमत फार चालायची. एक म्हणायची, "शून्य नंबर, स्टेबल, पण नणंद आठ दिवसांसाठी भरती झाली आहे, डिस्चार्ज कधी ते सांगता येत नाही." दुसरी म्हणायची, "शून्य नंबर, नवऱ्यानं नवीन मोबाईल घेतल्यापासून पेशंटला घरात एकटेपणा." हसता हसता कुणी खरं बोलून जायचं, आणि घेणारी फक्त मान हलवायची. त्या मान हलवण्यातच काहीतरी होतं. कुणाचं दुखणं बरं झालं नाही त्यानं, पण आपलं दुखणं कुणाला तरी सोपवलंय एवढं वाटायचं. मला मात्र विचारलं की मी "स्टेबल" म्हणून पुढं चालू लागायचे. इन्चार्ज होते ना.

आता घोटाळा सांगते. नाजनीन नावाची नवी मुलगी रुजू झाली. स्टँडमागं तिच्या अब्बांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. मुलगी हुशार, कष्टाळू, पण इतकी लाजरी की शंका विचारायची तर आधी घाम यायचा. तिच्या पहिल्याच दिवशी मला मीटिंगसाठी बीडला जावं लागलं. दुपारी वनमालानं तिला ओव्हर दिली. शेवटी सवयीनं म्हणाली, "शून्य नंबर. चाळिशीतली बाई. सकाळपासून पोटात अन्न न्हाई. घरी सासूचा जीव थाऱ्यावर न्हाई, पेशंटला आता सहन होईना. नीट लक्ष ठेव बरं." आणि गेली.

नाजनीननं लक्ष ठेवायला शून्य नंबरची खाट शोधली. सापडली नाही. विचारावं तर कुणाला. तिनं आधी स्वयंपाकघरात जाऊन शून्य नंबरसाठी मऊ खिचडी सांगितली. मग बाथरूम बघितलं, व्हरांडा बघितला. आणि मग तिची खात्रीच झाली: पेशंट पळाली. पेशंट पळून जाणं म्हणजे आमच्याकडं केवढी भानगड असते ते सांगायला नको. डॉक्टर, पोलीस, नातेवाईक, सगळे त्या एका सिस्टरच्या डोक्यावर. पोरगी धावत वैद्यकीय अधीक्षकांकडं, म्हणजे आमच्या मोठ्या साहेबांकडं गेली.

"नाव काय पेशंटचं?" साहेबांनी विचारलं.

"नाव नाही सांगितलं सर. शून्य नंबरची आहे. जेवलेली नाही आणि सासूला कंटाळलेली आहे."

साहेबही नवेच होते, बदलून येऊन पंधरवडा झालेला. शून्य नंबर कुठं असतो हे त्यांना तरी काय माहीत. सासूला कंटाळलेली उपाशी बाई दिसत नाही म्हटल्यावर त्यांना एकच दिसलं. दवाखान्यामागं जुनी विहीर आहे. त्यांनी माणसं पिटाळली.

मी बीडहून परतले तेव्हा विहिरीवर ही गर्दी. आमचे वॉर्डातले मारुतीमामा काठावर पालथे पडून गळ टाकत होते, आणि मागून वॉचमन त्यांना म्हणत होता, "आरं डावीकडं टाक बे, बाया डावीकडं बुडतात." बाया डावीकडं का बुडतात हे त्याला कुणी विचारलं नाही. मी विचारलं, "कोण बुडालं?"

मारुतीमामा पालथ्यानंच म्हणाले, "मॅडम, शून्य नंबरची बाई. सासूच्या तरासाला कटाळून गेली बिचारी. लई गरीब सभावाची होती म्हणं."

मी कठड्याला धरून इतकी हसले की साहेबांना वाटलं मला झटका आला. गळात एक फुटकी बादली आणि कुणाचा तरी बूट आला. नाजनीन कडेला उभी राहून रडत होती, तिला जवळ घेऊन मी सगळं सांगितलं. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "म्हणजे पेशंट तुमच्या वनमाला सिस्टर? मग त्या घरी पोचल्या का, विचारा."

मी हसतच फोन लावला. फोन बंद. घरी लावला. नवरा म्हणाला, "अजून आली न्हाई. रोज या वक्ताला येती." मग मात्र माझं हसू कुठल्या कुठं गेलं. इतका वेळ नसलेल्या बाईला शोधत होते सगळे, आणि आता असलेली बाईच सापडत नव्हती. मारुतीमामांच्या हातातला तो गळ मला बघवेना. महिनाअखेर जवळ आली होती, आणि दुपारची ती ओव्हर मी घेतली नव्हती.

स्टँडवर गेले. बाकडं रिकामं. बशीरचाचांनी मला बघताच ओळखलं.

"आज बसल्या न्हाईत, मॅडम. आल्या आल्या गाडीत चढल्या. पण त्यांच्या गाडीत न्हाई. समोरची बीडची लागली होती, तिच्यात."

"बीडला कावून गेली? काही बोलली का?"

"बोलल्या न्हाईत. अर्धा किलो पेरू घेतले." चाचांनी माझा चेहरा बघितला आणि खुर्ची पुढं सरकवली. "बसा तुमी. घाबरू नका. तिखट-मीठ मागून घेतलं त्यांनी, पुडीत बांधून. मरायला निघालेला माणूस पेरूला तिखट-मीठ मागत न्हाई."

एवढ्या वर्षांत कुणा डॉक्टरच्या शब्दानं मला इतका धीर आला नसेल. तरी परत जाववेना. तिथंच गाड्यापाशी बसून राहिले. उजेड होता तोवरच फोन वाजला.

"मॅडम, घरून कळलं तुमी फोन केलता. माझी बॅटरी संपलती, आत्ता हितल्या टपरीवर चार्जिंगला लावली." मागं माणसांचा गलका आणि पाण्याचा आवाज. "मी कपिलधारला हाये. धबधबा काय पडायलाय मॅडम. मघापासनं पाय सोडून बसलेय. आता निघतेच."

मी तिला फोनवर जे काही बोलले ते या अंकात छापता येणार नाही. बशीरचाचांनी कानांवर हात ठेवले होते. बोलून झाल्यावर मला रडू आलं, आणि चाचांनी पेरू कापून पुढं केला. तिखट-मीठ लावून.

दुसऱ्या दिवशी दुपारी वनमालानं ओव्हर दिली. शेवटच्या खाटेपाशी मी मुद्दाम बोलले नाही. तीच म्हणाली, "शून्य नंबर." डॉक्टरांचं न ऐकता स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घरी जाणाऱ्या पेशंटला आमच्या भाषेत "डामा गेला" म्हणतात. वनमाला म्हणाली, "शून्य नंबर काल डामा गेलती. अर्ध्या तिकिटात. आज स्वतःहून परत भरती झालीय. रात्री सलग झोप. सकाळी दोन भाकरी." मग एप्रनची गाठ सोडत सहज म्हणाली, "आणि ते लिहून द्यायचं होतं ना, ते ऱ्हाऊ द्या."

मी विचारलं, "धबधब्यानं झालं का हे?"

"धबधब्यानं काय व्हतंय? थंड पाणी असतंय नुसतं. पण तिथं बसून वाटलं, मी घरी न सांगता गेले अन् घर पडलं न्हाई. सासूबाईंना यांनी पाणी पाजलं. मग रोज कावून मीच?" त्या दिवसापासून तिनं घरी एक नवी रीत सुरू केली. सकाळी निघताना नवऱ्याला सासूच्या अंथरुणापाशी उभं करायची आणि रीतसर ओव्हर द्यायची: कूस कधी बदलायची, पाणी किती, जखमेला काय लावायचं. आधी तो म्हणाला, "माझी आई हाय, मला काय सांगती?" ती म्हणाली, "म्हणूनच सांगते." पुढं तो कूस बदलण्यात इतका तयार झाला की गल्लीतले लोक त्यालाच विचारायला यायला लागले. वनमाला म्हणायची, आता बाह्या त्यांच्यासमोर वर होतात.

साहेबांनी माझ्याकडून खुलासा मागितला, तोंडी. मी सांगितला. ते ऐकून घेऊन म्हणाले, "हे नियमात कुठं बसत नाही." मी म्हटलं, "नाही सर." चार दिवसांनी राऊंड संपवून शेवटच्या खाटेपाशी ते उगीच रेंगाळले. स्टेथोस्कोप खिशात घातला, बाहेर काढला. "सिस्टर," ते म्हणाले, "डॉक्टर लोकांसाठी दुसरी खाट आहे, का हीच?" मी म्हटलं, "हीच आहे, सर. पण रांग आहे." तेव्हा ते पहिल्यांदा हसले. स्वयंपाकघरातून मात्र दर सोमवारी, जुनी आठवण म्हणून, एक वाटी खिचडी यायची, आणि जिची ओव्हर जड असेल तिला ती मिळायची.

समाधान काय, ते संपादकांनी विचारलंय. बाजारात मेथी घेताना भाजीवाली एक जुडी जास्त टाकते आणि म्हणते, "माझ्या सुनंच्या टायमाला तुमी होता." मला ती सून आठवत नाही. जुडी मी घेते. आणि खंत विचाराल तर तीही सांगते. माझी मुलगी लहान असताना तापानं फणफणली, की तिच्या कपाळावर पट्ट्या शेजारीण ठेवायची, आणि मी दुसऱ्यांच्या लेकरांच्या. मुलगी आता पुण्यात असते, चांगली आहे, कधी बोलून दाखवत नाही. मला ते टोचतं आणि टोचत राहील. त्याला औषध नाही.

माझा शेवटचा दिवस आला. हार झाला, नारळ झाला, भाषणं झाली. मला शेवटची ओव्हर द्यायची होती ती वनमालाला. नवी इन्चार्ज तीच. बाजूला नाजनीन उभी, ती आता कुणाच्या बापाला ऐकत नाही. आम्ही एक नंबरपासून चालत शेवटच्या खाटेपर्यंत आलो. मी म्हटलं, "झालं. संपलं."

"शून्य नंबर राहिला, मॅडम," वनमाला म्हणाली.

"स्टेबल आहे."

"असं न्हाई चालायचं. नुसतं स्टेबल म्हणल्यावर कुणी ओव्हर घेतं का? तुमीच शिकवलंय. मी घेणार न्हाई. उभ्या ऱ्हावा हितंच."

पेशंट बघत होते, मारुतीमामा बघत होते. मी भिंतीकडं तोंड केलं. "शून्य नंबर," मी म्हटलं. "वय अठ्ठावन्न. तशी बरी आहे." वनमाला थांबली, घाई केली नाही, शिरेवर बोट फिरवताना थांबते तशी. मग मी सांगितलं. "पेशंटला भीती वाटतेय. उद्या सकाळी उठून कोणत्या गाडीत बसायचं ते तिला माहीत न्हाई."

"घेतली ओव्हर," वनमाला म्हणाली. मग माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, नाजनीनला म्हणाली, "वॉर्ड बघ गं," आणि मला स्टँडवर घेऊन गेली. बशीरचाचांकडून पेरू घेतले. तिखट-मीठ बांधून घेतलं. समोर बीडची गाडी लागलेली होती. तिनं मला खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. कंडक्टर आला तेव्हा म्हणाली, "दोन कपिलधार फाटा. अर्धी." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आज मी सोबत हाय. पुढच्या खेपेला एकट्यानं जायचं."

त्याला आता वर्ष होऊन गेलं. सुरुवातीला मी घरात आमच्या गुरुजींचा, म्हणजे नवऱ्याचा, इतक्यांदा बीपी घेतला की ते मशीन लपवून ठेवायला लागले. आता बरं आहे. मधूनमधून डामा जाते, एकटीच. आणि रोज दुपारी, ड्यूटी बदलली की फोन येतो. कधी वनमाला, कधी नाजनीन, कधी मी जिला पाहिलंही नाही अशी कुणी नवी पोरगी. हालहवाल काही विचारत नाहीत. फक्त म्हणतात, "शून्य नंबर?" आणि मी भिंतीकडं तोंड करून ओव्हर देते.

हे लिहीत असतानाच फोन वाजतोय. आज सांगणार आहे: झोप बरी. तोंडानं सगळं घेते. दुपारपासून एका जागी बसून लेख लिहिलाय, त्यामुळं मान दुखतेय. मुलगी रविवारी येणार आहे. बाकी काळजीचं काही नाही, पण लक्ष ठेवणं बंद करू नका.